पुण्यानुमोदन आणि एक पासबुक



परळचे टाटा रुग्णालय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे, दुर्दैवाने आजाऱ्याबरोबरच. पण त्याच्या नावात ‘मेमोरियल’ का, हे आपण क्वचितच विचारतो. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पती सर दोराबजी यांनी १९३२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ याच रोगाच्या संशोधनासाठी निधी काढला, आणि त्याच वर्षी तेही वारले. पुढे त्यांच्या न्यासाने १९४१ साली हे रुग्णालय उभारले. त्या वेळी हा रोग झालेल्या मुलासाठी औषधच नव्हते. १९४७ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी मुलांना अमिनोप्टेरिन दिले आणि रोग काही काळ तरी हटला. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या भीमावरमचे! आज श्रीमंत देशांत कर्करोगाची शंभरातली ऐंशीहून अधिक मुले बरी होतात.

टाटांकडे पैसा होता, आपल्याकडे काय आहे, असे कोणी म्हणेल. आमच्याकडे एक पासबुक आहे.

आमच्या विहारातील एका उपासिकेचा नऊ वर्षांचा नातू याच रोगाने गेला. उपचार सुरू झाले होते. महिन्या-दोन महिन्यांत ताप गेला, गाल भरले. घरच्यांना वाटले, पोर बरे झाले. बाप रोजंदारीवर, प्रत्येक खेपेला दोघांचे एस.टी. भाडे आणि बुडालेली मजुरी. पुढच्या तारखेला ते गेलेच नाहीत. हा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो आणि ताप गेला तरी रोग रक्तात दबा धरून असतो, हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणी नीट सांगितलेच नव्हते. आम्ही त्याच वस्तीत राहतो, आम्हीही विचारले नाही. ही टोचणी अजून आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बापाने जेवणावळ नाकारली व ती रक्कम समितीपुढे ठेवली. कुरकूर झालीच. “जेवणाशिवाय कसले पुण्यानुमोदन?” असे म्हणणारे आमच्याच पंक्तीतले होते. (त्यांतल्या एकाने नंतर गुपचूप पाचशे रुपये आणून दिले. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही.)

मुलाच्या नावाने खाते उघडले. औषधाचा खर्च आमच्या आवाक्यातला नाही; त्याला सरकारी योजना व रुग्णालयाचे समाजसेवा खाते आहे. आम्ही फक्त भाडे, जेवण व बुडालेली मजुरी देतो. मुक्कामासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करतो. आणि तारीख चुकली की दुसऱ्याच दिवशी कोणीतरी घरी जाते. हिशोब दर पौर्णिमेला विहारात वाचला जातो, चिल्लरीसकट.

सध्या सात वर्षांची एक मुलगी उपचार घेत आहे. तिची पुढची तारीख मंगळवारची. तिला रक्त लागते. रक्तदात्यांची यादी विहाराच्या फळ्यावर लावली आहे, तिच्यात अजून चार जागा रिकाम्या आहेत.