गर्दी नव्हे, हिशेब पाहा



‘ज्याच्या सभेला गर्दी, तो पाळक खरा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा निकष लावला, तर अमेरिकेतील टीव्ही-धर्मोपदेशक जिम बेकर यांना पहिला नंबर द्यावा लागेल. त्यांच्या पीटीएल वाहिनीचे प्रेक्षक देशभर होते. हजार डॉलर भरा आणि साउथ कॅरोलिनातील हेरिटेज यूएसए संकुलात आयुष्यभर दरवर्षी तीन रात्री राहा, असे त्यांचे आश्वासन. खोल्या मोजक्या, सभासद मात्र हजारोंनी! ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ या दैनिकाने हिशेब खणून काढले, 1989 मध्ये बेकर यांना 45 वर्षांची शिक्षा झाली. (पुढे ती बरीच घटली आणि 1994 मध्ये ते सुटलेही.)

गर्दी अमेरिकी सुवार्तिक बिली ग्रॅहम यांच्याकडेही होती. पण 1948 मध्येच कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे त्यांनी व सहकाऱ्यांनी स्वतःला बांधून घेतले: पैशाचा मोह टाळायचा, परस्त्रीबरोबर एकांतात थांबायचे नाही, स्थानिक मंडळ्यांची निंदा नाही आणि उपस्थितीचे आकडे फुगवायचे नाहीत. हे शेवटचे कलम आपल्याकडच्या सभांच्या आयोजकांना फारसे रुचणार नाही. पुढे ग्रॅहम संचालक मंडळाने ठरवलेला पगार घेऊ लागले.

पाळकाचा पगार कोण ठरवतो, अर्पणाची वही मंडळीला पाहायला मिळते का, हे विचारावे. विचारणाऱ्यालाच अविश्वासू ठरवले जात असेल, तर सावध व्हावे.

पगार न घेणाराच प्रामाणिक, ही पत्रलेखकांची दुसरी अट मात्र जाचक आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, हे खरे. पण त्याआधीची त्यांची पगारी सेवा त्यामुळे खोटी ठरत नाही.

– एक वाचक