हॉकी स्टिक की पदवी? आधी करारनामा वाचा!

परवाच्या रविवारी विहारात वंदना आटोपली, माणसे चपला शोधू लागली, तेवढ्यात एका गृहस्थांनी चार पानांचा कागद आमच्या हातात ठेवला. ‘‘वकील साहेब, पोराने यावर सही करावी का नको, तेवढं सांगा.’’ गृहस्थ खडकीच्या बाजूला कंत्राटी सफाई कामगार आहेत. मुलगा एकोणीस वर्षांचा, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि विद्यापीठाच्या हॉकी संघात मधल्या फळीत खेळतो. परराज्यातल्या एका खासगी अकादमीने त्याच्यापुढे दोन वर्षांचा करार ठेवला आहे. राहणे-खाणे त्यांचे, वर महिना अठरा हजार मानधन. बापाच्या हातात कंत्राटदार जे टेकवतो त्याहून हे जास्त. अट एकच की पूर्णवेळ तिथेच राहायचे. म्हणजे कॉलेज सुटले.

बघता बघता विहारात दोन तट पडले. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, बाबासाहेबांनी आधी शिका म्हणून सांगितले, खेळा म्हणून नाही. पदवी घे, मग काय ते कर. तरुण मंडळी उसळली. पोरगा इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो शांतपणे म्हणाला, ‘‘गुरुजी, माझे दोन मामेभाऊ बी. ए. झालेत. दोघंही पार्सलच्या गाडीवर आहेत. मी तिसरा होऊ का?’’

गुरुजींकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आमच्याकडेही नव्हते.

चळवळीतल्या आम्हा शिकलेल्या लोकांना एक खोड आहे. पोराने प्रश्न विचारला की आम्ही घोषणा ऐकवतो. बाबासाहेबांच्या पिढीने शिक्षण घेतले तेव्हा त्या शिक्षणाच्या टोकाला सरकारी नोकरी उभी होती, आणि त्या नोकरीत घटनेने दिलेला आपला वाटा होता. आज सरकार कंत्राटी भरती करते आणि सार्वजनिक उद्योग विकते. हॉकीचेच बघा. खडकीच्या मैदानावरून निघालेला धनराज पिल्ले भारताचा कर्णधार झाला आणि एअर इंडियासारख्या सरकारी कंपनीत नोकरीला राहिला. ती एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांच्या ताब्यात गेली. कंपनी खासगी झाली की तिथले आरक्षण संपते. तेव्हा या पोराच्या शंकेला आळशीपणा म्हणून झटकून टाकणे हा अन्याय होईल.

ही शंका नवीही नाही. अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार-चार खेळ गाजवत होता. १९४१ साली पदवी हाताशी आलेली असताना त्याने विद्यापीठ सोडले. काळ्या माणसाला कितीही शिकून नोकरी मिळणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. आईने परोपरीने समजावले, पण त्याने ऐकले नाही. पुढे १९४७ मध्ये त्याने गोऱ्यांच्या बेसबॉलची वर्णभिंत फोडली, म्हणून त्याचे नाव जगाला कळले. त्याच शंकेपायी शिक्षण सोडून जे कुठेच पोहोचले नाहीत त्यांची नावे कोणी लिहून ठेवली?

आता खेळाच्या बाजाराकडे वळू. तरुण मंडळी म्हणतात, लीग आली, लाखांच्या बोली लागतात. खरे आहे. २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंगवर ७८ लाखांची बोली लागली. पण त्याच लिलावात खेळाडूंच्या मूळ किमती दहा लाख, पाच लाख आणि दोन लाख अशा होत्या, आणि ज्यांच्यावर कोणीच बोली लावली नाही ते रिकाम्या हाताने घरी गेले. तेही सोडा. या लीगांचे आयुष्य किती, ते मोजा. प्रीमियर हॉकी लीग २००५ ला सुरू झाली, २००८ ला संपली. वर्ल्ड सिरीज हॉकी २०१२ ला आली आणि एकाच हंगामात आटोपली. हॉकी इंडिया लीग २०१३ ते २०१७ चालली, मग सात वर्षे बंद राहून डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उभी राहिली. ज्या पोराने २०१६ साली लीगच्या भरवशावर कॉलेज सोडले असेल, त्याची उमेदीची सात वर्षे कशात गेली? लीग परत आली तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता आणि मैदानावर एकोणीस वर्षांची नवी पोरे उभी होती. मालकाला सात वर्षे थांबता येते. सफाई कामगाराच्या पोराला सात महिनेही थांबता येत नाही.

विहारात एक तरुण असेही म्हणाला की मैदानावर जात नसते, गोल मारला की मारला. त्याला आम्ही पळवणकर बाळूंची आठवण करून दिली. पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखणारा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकणारा हा चांभार समाजातला माणूस १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. बाबासाहेबांनाही त्यांच्याविषयी आदर होता. (पुढे राजकारणात बाळू विरुद्ध बाजूला गेले आणि १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले, तो इतिहास वाचकांना ठाऊक आहे.) पण हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना अखेरपर्यंत मिळाले नाही. ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, तेही बरीच भांडणे झाल्यावर. बळी घेणे बाळूंच्या हातात होते, पण कर्णधार ठरवणारी समिती दुसऱ्यांच्या हातात होती.

हे जुने झाले म्हणाल, तर ऑगस्ट २०२१ आठवा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिक हॉकीत अशी हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. चार दिवसांनी अर्जेंटिनाविरुद्ध उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये तिच्या घरासमोर फटाके फोडून जातीवरून शिवीगाळ झाली. घरच्यांना पोलीस ठाणे गाठावे लागले. आणि आपल्या मुंबईत? मरीन लाइन्सजवळच्या ज्या खोलीत युवराज वाल्मिकी वाढला तिथे वीज नव्हती. २०११ मध्ये पाकिस्तानला हरवून आशियाई चॅम्पियन्स करंडक घेऊन तो आला, तेव्हा कुठे सरकारला त्या खोलीत अंधार दिसला.

म्हणून आम्ही सरळ ‘सही करू नकोस’ म्हटले काय? नाही. अठरा हजार रुपये त्या घरात काय करतात हे आम्हाला कळते. आम्ही कागद घरी आणला आणि रात्री वाचायला बसलो.

पहिल्याच पानावर ओळ होती की खेळाडूने मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला व जातीचे मूळ प्रमाणपत्र अकादमीकडे जमा करावे. का म्हणून? ज्याचे मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात, तो पाखरासारखा पिंजऱ्यातच. त्याला ना दुसरीकडे प्रवेश घेता येईल, ना भरतीचा अर्ज करता येईल. पुढे लिहिले होते की अकादमी पंधरा दिवसांच्या सूचनेवर करार संपवू शकते. पण खेळाडू मधेच गेला तर आजवरचा सारा ‘प्रशिक्षण खर्च’ त्याने परत करायचा. दुखापत झाली तर उपचार अकादमी करील, पण त्या दिवसापासून मानधन बंद. हॉकीत गुडघा जायला एक क्षण लागतो. आणि शेवटच्या पानावर, करार संपल्यावरही तीन वर्षे या खेळाडूवर पहिला हक्क आमचाच!

या शेवटच्या कलमावर आम्ही लाल रेघ मारली. भारतीय करार कायदा १८७२ चे कलम २७ सांगते की माणसाला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. श्रीरामपूरच्या झहीर खानला एका कंपनीने असेच बांधू पाहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले की कराराची मुदत संपल्यानंतरचे असे बंधन चालणार नाही. झहीर खानपाशी वकील होते. कलम २७ सफाई कामगाराच्या पोरालाही तेवढेच लागू आहे, फक्त ते आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

दुसरी बाजू शिक्षणाची. ती मांडताना आम्ही घोषणा बाजूला ठेवून हिशेब मांडला. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण त्या पदाला लागणारी शैक्षणिक अर्हता खेळाडूलाही लागते. पदक कितीही मोठे असो, पदवी मागणाऱ्या पदाला पदवीच दाखवावी लागते. बारावी पास खेळाडू बारावीच्या पायरीवर अडतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव खटल्यात स्पष्ट केले आहे की समांतर आरक्षणातल्या खुल्या जागा म्हणजे उच्चवर्णीयांचा राखीव कोटा नव्हे; गुणवत्तेवर मागासवर्गीयालाही त्या मिळाल्या पाहिजेत. म्हणजे पदवी असेल तर आपल्या पोराला दोन दारे उघडतात, नसेल तर एकही नाही. त्यात चालू वर्षात शिक्षण सोडले तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची रक्कम परत मागण्याची तरतूद नियमांत राहिलेली आहे, हे बापाला कोणी सांगितलेच नव्हते.

नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, श्रेयांक सात वर्षांपर्यंत खात्यात जमा राहतात, असे कॉलेजात कोणीतरी त्याला सांगितले होते. कागदावर बरोबर आहे. पण बाहेर पडलेली आपली मुले परत किती येतात, हे ज्याने त्याने आपल्या वस्तीत मोजावे. श्रीमंताचा मुलगा बाहेर पडतो तेव्हा त्याची खुर्ची रिकामी राहते, आपला पडतो तेव्हा खुर्चीच उचलली जाते.

अमेरिकेत ही अडचण निराळ्या तऱ्हेने सोडवलेली दिसते. तिकडची हॉकी बर्फावरची. तिथला व्यावसायिक क्लब अठरा वर्षांच्या मुलाची निवड करतो, आणि मुलगा कॉलेजात गेला तरी क्लबचा त्याच्यावरचा हक्क काही वर्षे टिकतो. मुलगा शिकतो, खेळतो, क्लब वाट पाहतो. त्या कॉलेजांनीही खेळाडूंच्या घामावर पिढ्यान्‌पिढ्या पैसा केला, आणि त्या घामात मोठा वाटा कृष्णवर्णीयांचा होता. शेवटी खेळाडू कोर्टात गेले. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि जुलै २०२५ पासून कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. शिक्षण की कमाई, हा पेच तिथे भांडून सैल केला गेला. आपल्याकडे कॉलेजच्या हॉकी संघाला चेंडू वर्गणी काढून आणावे लागतात!

बापाला समजावताना मात्र आम्हाला अमेरिकेपर्यंत जावे लागले नाही. बाबासाहेबांचेच आयुष्य सांगितले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेताना त्यांनीही करारावर सही केली होती. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. पण येण्याआधी त्यांनी एक काम केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. बडोद्यात राहायला जागा मिळू दिली नाही, तो अपमान सर्वांना माहीत आहे. पुढे मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले आणि १९२० मध्ये ते त्या परवानगीवर लंडनला परतले. बॅरिस्टर झाले, १९२३ ला डी. एस्सी. झाले. गुरुजी, बाबासाहेबांचेही शिक्षण सुटले होते! पण दार उघडे ठेवून सुटले होते.

तेव्हा या पोरालाही आम्ही तेच सांगितले. जायचे तर जा, पण दार लेखी उघडे ठेवून जा. प्राचार्यांकडे खेळाडू म्हणून हजेरीच्या सवलतीचा अर्ज दे. ते नाही म्हणाले तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी कर. ते १९८९ पासून अशाच लोकांसाठी आहे. आणि करारात परीक्षेची रजा लिहून घे.

जाता जाता आपल्या मंडळांनाही विचारतो. जयंतीच्या डीजेला एका रात्रीत जेवढे जातात, तेवढ्यात किती पोरांच्या स्टिक आल्या असत्या? १९७६ पासून ऑलिम्पिक हॉकी कृत्रिम मैदानावर गेली, तिथे मातीवरचे पोर घसरते. त्याला पिंपरीच्या मैदानापर्यंत रोजचे बसभाडे तरी द्या. आणि आमच्या वकील बंधूंनी महिन्यातून एक रविवार विहारात बसून असे कागद वाचून दिले, तर त्यांची प्रॅक्टिस बुडणार नाही.

आम्ही दुरुस्त्या करून करारनामा परत पाठवला. बुधवारी अकादमीचा फोन आला. मूळ कागद नकोत, झेरॉक्स चालेल म्हणाले. तीन वर्षांचा हक्क काढायला तयार झाले. दुखापतीत सहा महिने मानधन देण्यावर घासाघीस चालू आहे. परीक्षेची रजा मात्र लेखी देणार नाही, तोंडी देतो म्हणतात. तोंडी आम्ही घेत नाही, असे कळवले आहे. सही अजून झालेली नाही. परीक्षेचा फॉर्म पोराने शुक्रवारी विलंब शुल्कासह भरला.