आप्त कोण?

न्यायशास्त्रांत शब्द हें एक प्रमाण मानिलें आहे. मात्र तो शब्द आप्ताचा असावा लागतो. तेथें आप्त म्हणजे जें जसें आहे तें तसें सांगणारा विश्वासार्ह मनुष्य. मराठींत आप्त म्हणजे सोयराधायरा. या अर्थभेदावर लहान मुलांचे प्राण अवलंबून असतात, हें कोशकारांच्या स्वप्नींही नसेल.

२००२ सालीं भारतांत पोलिओचे सुमारें १,६०० रोगी आढळले. त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशांत. केरळांतून तो रोग तत्पूर्वींच गेला होता. लस तर दोहींकडे एकच! दाट वस्ती व दूषित पाणी हीं कारणें होतींच. परंतु पश्चिमेकडील कांहीं मोहल्ल्यांत थेंबांनीं वंध्यत्व येतें अशी वदंता उठली व दारें बंद झालीं. त्या लोकांस अडाणी म्हणणें सोपें आहे. पण ज्या सरकारचें दुसरें औषध सहसा दाराशीं येत नाहीं, तें हें एकच औषध फुकट घेऊन वारंवार कां येतें, ही शंका तर्कास सोडून नव्हती.

परस्परविश्वासास समाजशास्त्रज्ञ ‘सामाजिक भांडवल’ म्हणतात. इटलीच्या उत्तर व दक्षिण भागांतील कारभाराचा भेद रॉबर्ट पुटनाम यांनीं १९९३ सालीं याच भांडवलावरून उलगडून दाखविला. मोहल्ल्यांत आपसांतील स्नेह उणा नव्हता. किंबहुना त्या स्नेहाच्या वाटेनेंच वदंता घरोघर गेली. उणीव होती ती मोहल्ला आणि दवाखाना यांमधील पुलाची. युनिसेफादि संस्थांनीं तो पूल त्याच गल्ल्यांतील स्त्रियांकरवीं बांधिला. मशिदींतूनही आवाहन झालें. १३ जानेवारी २०११ रोजीं हावडा जिल्ह्यांत शेवटचा रोगी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त ठरला.

आतां आपल्याकडे पाहूं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पूर्ण लसीकरण झालेलीं बालकें ओडिशांत शेंकडा ९० निघालीं, महाराष्ट्रांत शेंकडा ७३ च्या आसपास. धनानें पुढें असूनही आपण येथें मागें!

तेव्हां वाचकहो, आपल्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईच्या मुलास लस टोंचली काय, हें आपण कधीं विचारिलें आहे काय? नसल्यास विचारावें; उपदेश मात्र करूं नये. लसीच्या दिवशीं तिला भरपगारी रजा द्यावी, आणि ती म्हणाली तर घरांतील कोणीं सोबत जावें. तिच्या लेखीं आपण आप्त आहों कीं नुसते धनी, हें त्या दिवशीं समजेल.