ऐकण्याचा परवाना देणारे तुम्ही कोण?

मोबाइल फोन बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांस,



चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यातून हे पत्र लिहितो आहे. मन दुखावलेलं आहे, शब्द कडू झाले तर होवोत. आम्ही रोख पैसे मोजून घेतलेल्या फोनातला रेडिओ तुम्ही बंद ठेवलात, आणि तो बंद आहे एवढंसुद्धा आम्हाला सांगितलं नाहीत.

फोनात वाय-फाय आणि ब्लूटूथ सांभाळणारी जी चिप असते, ती पुष्कळदा एफएमही पकडू शकते. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ या लहरी, आणि अँटेना म्हणून हेडफोनची वायर. डेटा पॅक लागत नाही, मोबाइलचा टॉवर लागत नाही. लागतं ते थोडं सॉफ्टवेअर. ते तुम्ही देत नाही, किंवा कारखान्यातच बंद करून टाकता. काही मॉडेलांत तर अँटेनेची जोडणीच सोडून देता. हेडफोनचा जॅक गेला म्हणून एफएम गेला, असं दुकानदार सांगतो. मग जॅक असलेल्या कितीतरी फोनांत तो का नाही?

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला तुमच्या उद्योगसंघटनांना लिहावं लागलं की फोनात एफएम असेल तर तो बंद करू नका, चालू ठेवा. आपत्तीत एफएमचा किती आधार असतो आणि तो नसल्याची झळ गरिबाला कशी बसते, हेही त्यात होतं. जे तुम्हाला आपणहून सुचायला हवं होतं, ते सरकारनं सांगावं लागलं, आणि त्यानंतरही बाजारात फोन घ्यायला गेलं की तीच गत.

आमच्या वडिलांच्या काळात रेडिओ ऐकायलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागे, त्याची फी भरावी लागे. ऐंशीच्या दशकात सरकारनं ती अट काढून टाकली. फोनानं लहरी सोडण्यावर बंधन हवंच, ते मला मान्य आहे. कुणी मनाला येईल त्या लहरीवर बोलू लागलं तर दुसऱ्याचं संभाषण बुडेल. पण नुसतं ऐकण्यानं कुणाचं काय बिघडतं? सरकारनं सोडलेला हक्क तुम्ही कुणाच्या परवानगीनं परत घेतलात?

आमच्याकडे हा शौकाचा प्रश्न नाही. उन्हाळ्यात बाया-माणसं पहाटेच मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जंगलात शिरतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल हा सगळा वाघाचा पट्टा, तिथे धोक्याची खबर वेळेत कळावी लागते. शासनाची धोक्याची सूचना आता मोबाइलवर मोठा आवाज करत येते, ते चांगलंच आहे, पण तीही टॉवरवरूनच येते. पावसाळ्यात वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली, की ती कुणापर्यंत येणार? आकाशवाणी चंद्रपूर तेव्हाही बोलत असते. आमच्या खिशात तिला ऐकू शकणारं यंत्र असतं, आणि ते मुकं असतं.

शेजारच्या जिल्ह्यातल्या भामरागडला चंद्रपूरचा एफएम पोहोचत नाही, हे मला ठाऊक आहे. पर्लकोटा नदीला पूर आला, पूल पाण्याखाली गेला, की तो तालुका आलापल्लीपासून तुटतो. तिथे तुमचं दुसरं कुलूप आडवं येतं. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. ७०० ची लहर झाडीतून, टेकडीआडून लांबवर जाते. २१०० ची लवकर अडते. कुठली धरायची हे टॉवर आणि फोनातला मोडेम मिळून ठरवतात, आणि दाट रानात ते ठरवणं पुष्कळदा चुकतं. सिग्नलची एक दांडी दिसते, फोन लागत नाही. ‘या फोनानं ७०० च धरावं’ एवढं सांगायची सोय मोडेममध्ये असते. तुमचे अभियंते चाचणीच्या वेळी ती वापरतात. आम्हाला मात्र सेटिंगमध्ये २जी, ३जी, ४जी एवढंच निवडायला मिळतं. तेही काही फोनांत नसतं. एटापल्लीच्या आशाताईला गरोदर बाईसाठी गाडी बोलवायची असते, तेव्हा त्या एका पर्यायाचं मोल काय असतं, याचा विचार तुमच्या कुठल्या बैठकीत झाला का?

सामान्य माणसाला एवढं तांत्रिक कळत नाही, असं उत्तर देऊ नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५जी सुरू झालं, तेव्हा कितीतरी फोनांत ५जीचा रेडिओ आधीच बसवलेला होता, सॉफ्टवेअरनं तेवढा बंद होता. आयफोनवाल्यांना तो डिसेंबरात आयओएस १६.२ बरोबर मिळाला. रातोरात, घरबसल्या, फुकट. म्हणजे कुलूप उघडता येतं. ज्यांच्यासाठी उघडावंसं वाटलं, त्यांच्यासाठी तुम्ही उघडलंत. आम्ही दहा हजारांचा फोन हप्त्यानं घेणारे, आमची आठवण तुम्हाला झाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

फोनाच्या खोक्यावर छापा: आत एफएम आहे की नाही, आणि चालू आहे की बंद. लहरींचा पट्टा निवडायची सोय सेटिंगमध्ये द्या, चुकलं तर पूर्ववत करायच्या बटणासह. आणि हे पुढच्या वर्षीच्या नव्या मॉडेलवर ढकलू नका. ज्या जुन्या फोनांत चिप आणि जोडणी दोन्ही आहेत, त्यांना पावसाळ्याआधी अपडेट पाठवा. आमच्या गावात तेच फोन आहेत.

आपला,
मूल तालुक्यातला एक ग्राहक