झाडांना स्वेटर, शेजाऱ्यांना धूर

मंडळी, थंडी पडली की आमच्या हर्सूलमध्ये दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे गाड्यांवर पेरू, आणि दुसरी म्हणजे झाडं वाचवण्याची ढकलपत्रं. "फ्रॉस्ट येतोय! नाजूक झाडं आजच प्लास्टिकने झाका!" सोबत बर्फाखाली गेलेल्या कुठल्यातरी परदेशी अंगणाचा फोटो. अहो, इथे बर्फ कुठाय? कोणीतरी कुठल्याशा थंड देशातला कोड उचलून आपल्या मशीनवर चिकटवलाय आणि चालतोय का ते बघायची तसदीसुद्धा घेतलेली नाही.

दंव गोठायला पानाचं तापमान शून्यापर्यंत उतरावं लागतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी ते अधूनमधून होतं. डिसेंबर 2018 च्या अखेरीस निफाडला पारा 2 अंशांच्या खाली गेला, तेव्हा द्राक्षवाल्यांची झोप उडाली. त्यांची भीती खरी होती, वर्षाची कमाई वेलीवर लटकलेली होती. आपल्याकडे कडाक्याच्या रात्री पारा 8-10 च्या आसपास घुटमळतो. म्हणजे झाडांना काहीच होत नाही का? होतं. तुळस काळवंडते, केळीची वाढ थांबते, पपई रुसते. ही झाडं उबदार हवेतली, त्यांना इजा व्हायला बर्फ लागत नाही, नुसता गारठा पुरतो. शिवाय पेपरातला आकडा चिकलठाण्याच्या वेधशाळेचा, आणि तोही जमिनीपासून चार-पाच फूट उंचीवरचा, सावलीतल्या पेटीतला. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पान आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकतं आणि त्या आकड्यापेक्षा दोन-चार अंशांनी जास्त गार होतं. त्यात थंड हवा जड, ती टेकडीवरून उतरून सखल भागात साचते. तळ्याच्या अंगाला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता प्लास्टिक. पातळ पारदर्शक पॉलिथिन ही उष्णता फारशी अडवतच नाही, बरीचशी आरपार जाऊ देतं. आतून पाण्याचे थेंब धरतात ते वेगळंच. खरी गंमत दुपारी. डिसेंबरातही इथे दुपारी पारा 28 च्या घरात जातो. सकाळी आठला कंपनीची बस पकडणारा आमच्यासारखा माणूस रात्री आठला घरी येतो. तोवर गुंडाळलेलं झाड आत उकडून निघालेलं असतं. मग ओरड, "थंडीने गेलं हो!" थंडीने नाही, तुमच्या पिशवीने गेलं.

पण माझा खरा राग प्लास्टिकवर नाही, धुरावर आहे. पहाटे पाचला कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर पाचोळा पेटवायचा, त्यात दुधाच्या पिशव्या नि जुनी टायरची नळी टाकायची, आणि विचारलं की सांगायचं, "झाडांसाठी करतोय, द्राक्षवाले पण करतात." द्राक्षवाले एकरभर बागेत जागोजागी शेकोट्या करतात, आणि तिथेही काम करते ती आगीची ऊब आणि त्यामुळे हलणारी हवा. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांच्यामधून बिनदिक्कत निसटते. धूर मात्र वरच्या उबदार हवेच्या थराखाली अडकतो आणि खिडकीच्या उंचीवर तरंगत राहतो. तुमच्या चार कुंड्यांसाठी शेजारच्या दम्याच्या आजी सकाळभर पंप ओढत बसतात. हा सौदा कोणी ठरवला? निदान त्यांना विचारून तरी नाही.

उपाय जुनेच आहेत, आणि फुकटचे आहेत. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते, म्हणून थंडीत माती कोरडी ठाक ठेवू नका. पाणी सकाळी उन्हं आल्यावर द्या. या शहराने नळाची वाट बघण्यात वर्षं घालवलीयत, तेव्हा पिण्याचं पाणी ओता असं मी म्हणणार नाही. भाज्या-तांदूळ धुतलेलं चालतं. झाकायचंच तर गोणपाट किंवा जुनी सुती चादर घ्या, चार काठ्यांवर तंबूसारखी टाका, कडा जमिनीला टेकवा. ऊब मातीतून येते, त्यामुळे नुसता शेंड्याला फडका बांधणं म्हणजे खाली उघडं ठेवून डोक्याला मफलर. आणि सकाळी निघताना ते काढा. कुंड्या तर सरळ भिंतीला टेकवा, पश्चिमेची भिंत दुपारभर तापलेली असते.

जाता जाता, दिवाळीच्या सुमारास शेडनेटमधली कोवळी रोपं खपवणाऱ्या नर्सऱ्यांबद्दलही बोलायचं होतं, पण तो स्वतंत्र वीकांताचा विषय आहे. असो.

आळ्यात पाचोळ्याचा चार बोटं थर दिला की मुळं सुरक्षित राहतात. म्हणजे जे झाडाखाली पसरायचं तेच आपण झाडाच्या नावाने जाळतोय! तेव्हा ज्यांना ते जाळायचंच आहे त्यांनी कृपया रविवारपर्यंत कळ काढा. मी पोती घेऊन येतो, सगळा पाचोळा मला द्या. टायरची नळी तेवढी तुमच्याकडेच ठेवा.