मेंदूचे पुनर्वसन : पडद्यामागे उपचारक हवाच

खापरखेडा : पक्षाघातातून रुग्ण वाचला, तरी स्मरणशक्ती व एकाग्रता सावरण्यास अनेक महिने लागू शकतात. औष्णिक वीज केंद्रामुळे ओळखल्या जाणाऱ्या खापरखेड्यातील रुग्णाला मेडिकल किंवा मिहानमधील एम्समध्ये वारंवार जायचे, तर नागपूर गाठावे लागते. सोबतच्या नातलगाचा रोजही बुडतो. परिणामी, उपचार अर्धवट सुटण्याची भीती असते.

येथेच आभासी वास्तवाचा पर्याय पुढे येतो. डोळ्यांवर उपकरण चढवून रुग्ण घरीच आभासी बाजारात यादी आठवतो, हिशेब जुळवतो. उपचारक दुरून प्रगती तपासून काठिण्य बदलतो.

मात्र, अवाजवी अपेक्षा नकोत. पक्षाघातावरील ७२ चाचण्यांच्या २०१७ मधील कोक्रेन आढाव्यात हे तंत्र हाताच्या हालचालींसाठी नेहमीच्या उपचारांहून सरस ठरले नाही. पूरक म्हणून ते उपयुक्त दिसले. आकलनक्षमतेबाबत पुरावा अपुराच होता. काहींना भोवळ, मळमळही होते.

केंद्राच्या २०२० मधील टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी दूरस्थ सल्ल्याला मान्यता दिली. पण रुग्णाला सल्ला देण्याचा अधिकार यंत्राला दिलेला नाही. त्यामुळे केवळ उपकरणे वाटून भागणार नाही. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात सामायिक उपकरण, प्रशिक्षित कर्मचारी आणि नागपुरातील तज्ज्ञाची नियमित देखरेख, एवढे जुळले तरच रुग्णाची फेरी वाचेल. अन्यथा ते महागडे खेळणेच ठरेल.