शिरगणती आणि सीमाभागातील खेडी

२०११ च्या शिरगणतीचे गाववार कोष्टक उघडून धारवाड तालुक्यातील कोणतेही खेडे पाहा. पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची मुले, साक्षर, अनुसूचित जाती-जमाती, शेतकरी, शेतमजूर, सारे सापडते. सापडत नाही ती मातृभाषा! वास्तविक प्रगणक घरोघर तोही प्रश्न विचारून गेला होता. खेडे हा घटक, हे पाटसकर-सूत्र आमच्या मागणीचा पाया. आणि नेमका खेड्याचाच भाषिक आकडा त्या कोष्टकात नाही. हुबळी-धारवाडवर आमचा दावा नाही. तेथील कन्नड बहुमत आम्ही निःसंकोच मानतो. मग खानापूरच्या मराठी खेड्यांना तोच न्याय का नसावा? १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरलेल्या शिरगणतीसाठी प्रगणक दारी येईल, तेव्हा मातृभाषा 'मराठी' नोंदविलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्याला उंबरठा सोडू देऊ नका.